ह्यांचं व्हय आणि न्हाई

११ मार्च १९४५, रविवार. तासगाव

ह्यांना पंचा हवा होता! आणि म्हणत होते पाणी. मी तांब्या पुढे केला — ढकलला. पेला भरून दिला — तोही ढकलला, सगळं माझ्या अंगावर. "पाणी, पाणी" चालूच, कपाळाची शीर फुगलेली. शेवटी आत्याबाई चुलीपासून उठल्या, खुंटीवरचा पंचा काढून ह्यांच्या खांद्यावर टाकला. गप्प झाले. तोंड पुसलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "घाम आला हुता की त्याला," म्हणाल्या. बस्स, एवढंच.

पुण्याच्या लष्करी इस्पितळातून हे घरी आले त्याला आठवडा झाला. इटलीत तोफगोळ्याचा तुकडा डोक्यात लागला, डाव्या बाजूला. जखम भरली आहे. उजवा हात ढिला आहे, पाय किंचित ओढतो. पण बोलणं गेलं. बुद्धी शाबूत — तिथले डॉक्टर तसं म्हणाले, आणि मलाही दिसतंच. कुठला बैल लंगडतोय, कुणाची मोट बंद आहे, सगळं ह्यांच्या ध्यानात येतं. फक्त शब्द नाहीत. उरलेत ते एवढेच — व्हय, न्हाई, पाणी, चल, गेला. आणि शिव्या! शिव्या मात्र अख्ख्या येतात, पलटणीतल्या, हिंदुस्थानीसुद्धा. आत्याबाई कानांवर हात ठेवतात आणि पदराआड हसतात. मुलगा घरी आला, त्यांना तेवढं पुरे आहे.

मला पुरे नाही. इथे लिहायला काय हरकत!

१४ मार्च

शाळेत पाचवीच्या मुलींना समानार्थी शब्द घातले. पाणी — जल, नीर, उदक, तोय, सलिल. कस्तुरी नावाची चुणचुणीत मुलगी आहे, तिनं "जीवन" सांगितलं. शाबासकी दिली. घरी आले तर दारातच — "पाणी!" म्हणजे ह्या वेळी काय, तर कोंबडी ओसरीवर चढली होती.

एका गोष्टीला इतके शब्द माझ्याकडे, आणि इतक्या गोष्टींना एकच शब्द ह्यांच्याकडे. हसू आलं. मग तुळशीपाशी जाऊन उगाच उभी राहिले थोडा वेळ.

१८ मार्च

ताटात वस्तू मांडून शिकवायला बसले — पळी, कंगवा, किल्ली, कांदा. मी नाव घ्यायचं, ह्यांनी माझ्या ओठांकडे बघून म्हणायचं. "कांदा" म्हणताना तोंड उघडलं, जीभ हलली, आणि बाहेर आलं — "पाणी." स्वतःलाच ऐकू आलं ते. ताट डाव्या हातानं असं सरकवलं की किल्ली थेट उंबऱ्यापर्यंत गेली.

आप्पांची आठवण झाली. माझे वडील जन्मभर शाळामास्तर. रोज एक नवा शब्द पाठ केल्याशिवाय मला जेवायला बसू देत नसत. "मनू, ज्याला शब्द येतात त्याचं अडत नाही." लग्न झालं तरी तीच खोड. ह्यांना पलटणीत पत्रं लिहायची ती पानं पानं, नक्षीदार. एकदा रजेवर आले होते तेव्हा म्हणाले, "तुजं पत्तर आलं की समदी पोरं म्हणत्यात, वाच रं वाच. ऐकाय लय ग्वाड. पन तू बरी हाईस का न्हाईस, त्येवढं घावत न्हाई."

तेव्हा रुसले होते मी. हे आधीपासून मोजकंच बोलायचे, पण ते मोजकं तरी असायचं!

२५ मार्च, रविवार

आज घरी दोघीजणी आल्या आटपाडीहून. अंबूबाई आणि त्यांची सून शालू. अंबूबाईंचा मुलगा अर्जुना ह्यांच्याच तुकडीत होता. ह्यांच्या पत्रांतून नाव ओळखीचं — "आटपाडीचा अर्जुना लय हसिवतो." ज्या दिवशी हे जखमी झाले त्याच दिवसापासून तो बेपत्ता. सरकारनं कळवलं ते तेवढंच — बेपत्ता. मेला असं नाही, आहे असंही नाही.

आठ-नऊ महिने त्या दोघी या एका शब्दावर बसून आहेत. शालू कुंकू लावते, पण लावताना आरशात बघत नाही, असं अंबूबाई म्हणाल्या. पोर माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिच्या भावांनी घोर लावलाय — त्यांच्यात पाट लागतो, दुसरं घर बघू म्हणतात. "पन काय म्हून बघायचं, बाई? त्यो असला तर? आन नसला तर हिनं किती दीस बसायचं?"

ह्यांच्या पुढ्यात बसल्या. हात धरला. मी आधी सगळं समजावून सांगितलं, बोलणं कसं गेलंय ते. अंबूबाईंनी मान डोलावली आणि थेट विचारलं,

"सयाजी, लेकरा, येकच सांग. माजा अर्जुना मेला का?"

"न्हाई."

लगेच! अडखळले नाहीत, मान हलवली, डोळे त्यांच्या डोळ्यांत.

"मग कुटं हाय रं?"

"पाणी," हे म्हणाले. मग, "न्हाई... व्हय... गेला. गेला. चल." घाम फुटला. हात वर उचलला, पुन्हा मांडीवर आपटला. पण पुढचं कोण ऐकतंय! अंबूबाईंनी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. शालू भिंतीला पाठ लावून उभी होती, ती खाली बसली आणि पहिल्यांदा तोंड भरून हसली. समोरचा एक दात किंचित पुढे आहे. हसली की फार गोड दिसते.

पुरणपोळी केली आत्याबाईंनी. कसला सण नव्हता!

२९ मार्च

"आणखी भाकरी वाढू?" विचारलं. "व्हय," म्हणाले, आणि ताटावर हात आडवा धरला.

मी भाकरी हातात घेऊन तशीच उभी.

१ एप्रिल

आज मुद्दाम विचारत गेले. ऊन लागतंय का — न्हाई, आणि खाट सावलीला ओढायला लागले. दूध गोड आहे का — व्हय. आहे गोड. डोकं दुखतंय का — व्हय, आणि हसले, म्हणजे दुखत नव्हतं. कधी बरोबर, कधी उलटं. धरबंध नाही.

मग त्या दिवशीचं "न्हाई" कुठलं होतं?

आत्याबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तू इचारतीस येक आन त्येचं उत्तर यायच्या आदीच दुसरं इचारतीस. दम धर की जरा." असेल. पण ताटावर हात तर होता ना!

७ एप्रिल, शनिवार

शाळेतून रजा टाकली. ह्यांना मिरजेच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. कोळशाच्या धुरावर चालणारी मोटर. सांगलीपर्यंत निम्मं तोंड काळं.

जाताना भयंकर प्रकार! संस्थानची हद्द लागायच्या आधी पोलिसांनी मोटर थांबवली. प्रतिसरकारचा कुणी भूमिगत हिंडतोय या भागात, त्याचा शोध. एकेकाला विचारत आले. हवालदार ह्यांच्यासमोर थांबला. डोक्यावर जखमेचा वण, केस अर्धे वाढलेले, संशयाला जागाच होती म्हणा.

"काय रं, पत्रीवाल्यांस्नी वळखतोस?"

"व्हय," हे म्हणाले.

"कुटं हायेत?" — "चल!" म्हणाले हे. दोघा शिपायांनी दंडाला धरून खाली उतरवलं. मी ओरडत मागे. काय बोलले, आठवत नाही. "हे वाचाहीन आहेत, ह्यांच्या उक्तीला प्रमाण मानू नका" — असलं काहीतरी! हवालदार माझ्याकडेच संशयानं बघायला लागला. शेवटी पिशवीतून पलटणीचे कागद काढून पुढे धरले. त्यानं वाचले, ह्यांच्या डोक्याकडे पाहिलं, टाचा जुळवून सलाम केला. ह्यांचा डावा हात आपोआप वर गेला. उजवा जात नाही.

मोटर सुरू झाल्यावर हे खिडकीबाहेर बघत बसले. मी हात धरला. हात गार होता.

डॉक्टर म्हातारे आहेत, मराठी अगदी आपल्यासारखं बोलतात. ह्यांची तपासणी बराच वेळ चालली. म्हणाले, "आत विचार स्वच्छ आहे. बाहेर येताना शब्द चुकीच्या दारानं येतो. व्हय-न्हाईवर भिस्त ठेवू नका, बाई. चेहरा बघा, हात बघा. आणि वेळ द्या." दुसरे शब्द येतील का विचारलं. "येतील. कुठले, ते त्यांनाही सांगता यायचं नाही."

१० एप्रिल

अंबूबाईंना कळवायला हवं. कसं? "ह्यांचं न्हाई खरं धरू नका" — एवढंच? मग खरं काय धरायचं? घरात त्या दोघी पेढे वाटत असतील. मी शब्द जुळवत बसते आणि खोडते. सांत्वन, संभाव्य, अनिश्चित... एकही शब्द आटपाडीपर्यंत चालत जाईल असा नाही.

"जाऊन या दोगं," आत्याबाई म्हणाल्या. "त्येलाच सांगू दे. तुजं तू मदी नगं बोलूस."

२२ एप्रिल, रविवार. आटपाडी

इथल्या चावडीशेजारी अंबूबाईंचं घर. समोर माळ, दूरवर मेंढ्या, बाभळी. पाणी लांबून आणावं लागतं, तरी आल्या आल्या पाय धुवायला घागर दिली.

मी सांगितलं. व्हय-न्हाईचा घोळ, भाकरी, पोलीस, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. शालूचं हसू एकेक वाक्याला उतरत गेलं. मला ते बघवेना, म्हणून मी आणखी बोलत गेले.

अंबूबाई म्हणाल्या, "असू दे. त्येला जमंल तसं सांगू दे. सयाजी, काय झालं त्या दिशी?"

हे अंगणात उतरले. काठीनं मातीत एक लांब रेघ ओढली, वाकडी. "पाणी." नदी! मी म्हणाले, "नदी होती." मान हलवली. रेघेच्या अलीकडे दोन खडे ठेवले. स्वतःच्या छातीला हात लावला, मग दुसऱ्या खड्याला. हे आणि अर्जुना. दोन्ही खडे रेघेवर सरकवले. मग स्वतःचा खडा आडवा पाडला, डोक्याच्या वणाला हात लावला. इतक्या दिवसांत मला एवढं कधी कळलं नव्हतं!

मग दुसरा खडा उचलला. पलीकडे नेला. हे उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. उजवा जात नव्हता, तर डाव्या हातानं मनगट धरून उचलला तो. तसेच उभे राहिले, हात डोक्याच्या वर, बोटं पसरलेली. "पाणी. गेला. गेला."

अंबूबाईंनी माझ्याकडे बघितलं. शालूनंही. "काय म्हनत्यात?"

मला ते दिसलंच — पुराचा लोंढा, बुडणारा माणूस, पाण्यावर उरलेले दोन हात. मी सांगितलं. हलक्या आवाजात, जपून, जितकं सोसवेल तितकं सांगितलं. नदी ओलांडताना हे जखमी होऊन पडले, अर्जुना प्रवाहात सापडला, हात वर करून बुडताना ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याला वेदना फार झाल्या नसतील. पाणी एकदम घेऊन जातं. माझ्या तोंडून ते इतकं सलग आलं की मलाही रडू फुटलं.

"व्हय का रं, सयाजी? बुडाला?"

"न्हाई!" हे ओरडले. "न्हाई! व्हय! गेला!" आणि एक शिवी. काठी फेकली, गुडघ्यावर बसून जमिनीवर मूठ आपटायला लागले. मी ह्यांना कवेत धरलं. मित्राचा शेवट पुन्हा डोळ्यांसमोर आला असणार. "पुरे, पुरे," म्हणत राहिले मी, "कळलं सगळ्यांना." माझ्या हातांतून सुटायला धडपडत होते. मग धडपड थांबली.

शालूनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. कुणी सांगितलं नाही. पुसलं आणि घागर उचलून पाण्याला गेली.

अंबूबाईंनी निघताना माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "बाई, तुमी व्हता म्हून उमगलं. न्हाईतर ह्या येड्या आशेवर जलम गेला असता."

२४ एप्रिल

हे दोन दिवस बोलले नाहीत. पाणीसुद्धा नाही.

९ मे

जर्मनी शरण आला! कचेरीवर बावटे, शाळेत मुलींना साखरफुटाणे. मी घरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं — युरोपातली लढाई संपली, युद्धकैद्यांची सुटका होणार, सैनिक घरी परतणार. हे ऐकत होते. एकदम उठले, माझं मनगट धरलं. "चल."

"कुठे?"

"चल. चल!" मोटर उभी राहते तिथपर्यंत ओढत नेलं मला, भर उन्हात, डोक्यावर पदरही नीट नव्हता. आटपाडीच्या मोटरीला हात लावून उभे. लोक बघायला लागले. ह्यांना फिरून यावंसं वाटत असणार. घरात कोंडल्यासारखं होतं, खरंच. "सुट्टी लागली की जाऊ, सांगलीला जाऊ, गणपतीचं देऊळ बघू," म्हणून समजूत काढली. माझ्याकडे बघत राहिले कितीतरी वेळ. मग हात सोडला आणि माझ्यापुढे चालत घरी आले.

२ जून

आटपाडीचा निरोप. शालूला भाऊ घेऊन गेले. दिवाळीनंतर पाट लावायचं ठरलं, जतकडचा माणूस आहे, मेंढरं पुष्कळ, घरात कानडी बोलतात. शालूला कानडीचा एक शब्द येत नाही. अंबूबाईंनीच होकार दिला म्हणे — "पोरीनं का जळावं?"

मी हे आत्याबाईंना सांगत होते. हे जेवत होते. ताट भिरकावलं! आमटी भिंतीवर. शिव्यांचा पट्टा सुटला. मित्राच्या बायकोनं दुसरं घर करावं हे ह्यांना सोसवत नाही, दिसलंच ते. मी जवळ बसले, समजावलं. तरुण मुलीनं जन्मभर एकटीनं का राहावं, गेलेल्यासाठी जिवंत माणसाची आहुती का द्यायची, यात अर्जुनाचा अपमान नाही, उलट... खूप बोलले. चांगलं बोलले.

ह्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. रागानं नव्हे. अगदी हळू, लहान मुलाच्या तोंडावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला.

आत्याबाई भिंत पुसत होत्या.

८ जुलै, रविवार

"मनू."

मागे वळून पाहिलं. दारात हेच. दुसरं कोणी नाही. "मनू," पुन्हा. नीट, स्वच्छ.

लग्नाला सात वर्षं झाली, ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. आपल्याकडे कोण घेतं! "अगं", "ऐकलंस का", नाहीतर नुसता खाकरा. आत्याबाई लाजून माजघरात गेल्या. मी तशीच, पिठाचे हात. मग मला रडू आलं आणि हे घाबरून म्हणाले, "पाणी," आणि तांब्या आणून दिला. ह्या वेळी पाणी म्हणजे पाणीच!

डॉक्टर म्हणाले होते, कुठले शब्द येतील ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

पावसानं ज्वारी बरी आहे. हे रोज शेतावर जातात, गडी ह्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर कामं करतात. घरात शांत आहे. मी आताशा कमी प्रश्न विचारते. आटपाडीचा विषय कुणी काढत नाही.

५ ऑगस्ट, रविवार

अंबूबाई मोटरीतून उतरून धावत आल्या, चपला हातात. "बाई, माजा अर्जुना आला! जर्मननं धरून न्येला हुता, कैदेत हुता लेकरू! काल सांजच्याला आला आन आज शालूला आनाय गेला बी!"

हे ओसरीवर दोर वळत बसले होते. मान वर केली नाही, हात थांबला नाही. म्हणाले —

"सांगितलं."